रिकाम्या खाटेचे ठोके

"बघा साहेब," आवळे सिस्टर म्हणाल्या, "पेशंट गेला घरी आणि ठोके हितंच राहिल्यात."

खाट रिकामी होती. चादर काढलेली, गादी उघडी, उशी उन्हात टाकायला नेलेली. मॉनिटरच्या तारा गुंडाळून हुकाला लावलेल्या, त्यांची टोकं हवेत लोंबत होती. आणि तरीही वरच्या पडद्यावर हिरवी रेषा शिस्तीत चालली होती. कोपऱ्यात आकडा बहात्तर. रिकाम्या खाटेची तब्येत ठणठणीत होती.

माझ्या शेजारी शिरगुप्पे सर उभे होते. हे मॉनिटर त्यांच्या कंपनीचे, कुपवाडच्या एमआयडीसीतल्या दोन गाळ्यांत तयार झालेले, आणि मी त्या कंपनीतला सॉफ्टवेअरवाला. सरांनी रुमालाने मान पुसली. समोर मिरजेच्या त्या दवाखान्याचे डॉक्टर मगदूम हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, की हा माणूस बरा होऊन घरी गेला म्हणून आपण इथे नुसते बघत उभे आहोत. उद्या एखाद्याची तार निसटली, खाली माणूस तडफडतोय आणि वर बहात्तर, असं झालं तर? संध्याकाळपर्यंत लेखी द्यायचं. काय बिघडलं, कुणाच्या हातून बिघडलं आणि दुरुस्त झालं का. नाहीतर सगळी मशीनं टेम्पोत भरून परत न्यायची.

खरं तर मी हादरायला हवं होतं. मी नुसता बघत राहिलो. बघता बघता लक्षात आलं, की सगळे ठोके एकसारखे नव्हते. मध्येच एक ठोका जरा घाईने पडत होता, मग रेषा परत ताळ्यावर येत होती. थोड्या वेळाने पुन्हा तसाच एक. अगदी त्याच जागी. जिवंत माणसाचं हृदय असं नेमून दिल्यासारखं चुकत नाही.

"जुनंच पान फिरतंय," मी म्हणालो.

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"म्हणजे ड्रायव्हर."

सरांनी पडद्यावरची नजर खाली वळवली. कारण ड्रायव्हर मृदुलाने लिहिला होता, आणि मृदुलाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते. मृदुला माझी बायको.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मी पाहुण्यारावळ्यांना बरीच वर्षं समजावत आलोय. माझ्या आत्याला अजूनही वाटतं, की मृदुला कंपनीची जीप चालवायची. तर सांगायचं असं, की अशा मशीनच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो आणि मेमरीच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. ड्रायव्हर हा त्या कारभाऱ्याचा माणूस. पेशंटच्या तारांतून येणारे ठोके तो मेमरीच्या एका पानावर उतरवत राहतो. पान भरलं की पुन्हा वरून सुरुवात. पडदा रंगवणारा प्रोग्राम माझा. त्याला दर वेळी कारभाऱ्याकडे हात पसरायला लागू नये म्हणून त्या पानावरच उघडणारी एक खिडकी करून दिलेली असते. तारा निघाल्या की ड्रायव्हरने खिडकी बंद करायची, पान पुसायचं आणि परत करायचं. इथे खिडकी उघडीच राहिली होती. लिहिणारा उठून गेला होता आणि माझा प्रोग्राम त्याचं शेवटचं पान पुन्हापुन्हा वाचत बसला होता.

परत येताना रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा सरांनी इंजिन बंद केलं आणि घसा साफ केला.

"निरंजन, एक बोलू का? राग मानू नकोस."

"बोला ना."

"डॉक्टरला कुणाचं तरी नाव पाहिजे. ते सोडणार नाहीत. जिवंत माणसाचं घातलं तर त्या पोराला परत कुठल्या दवाखान्याच्या कामाला कोण उभं करून घेत नाही. ड्रायव्हर तर मृदुलाचाच हाय. तिचं घातलं तर..." ते थांबले. "तिला आता कोण काय म्हणणार हाय?"

"बरं," मी म्हणालो.

त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. आई म्हणाली, दोन घास खा, मी बरं म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, एकदा मोकळे होऊन रडून घ्या, मी त्यांनाही बरं म्हणालो. पण रडू काही आलं नाही. दहाव्याला कावळा शिवेना म्हणून सगळे घाटावर ताटकळले होते, तेव्हा माझ्या मनात आलं ते इतकंच, की स्कूटर उन्हात लावलीय, सीट तापलं असेल. मी वाईट माणूस नव्हतो. दुखण्याचं जे काही यंत्र असतं त्याची तार कुठेतरी सुटलेली होती आणि वरून सगळं व्यवस्थित चाललेलं दिसत होतं.

फाटक उघडलं. गाडी हलली तेव्हा मात्र मला एक गोष्ट टोचली. मृदुलाचं नाव आता कुठे नव्याने लिहिलं जायचं नव्हतं. मृत्यूचा दाखला झाला, बँकेचं झालं, रेशन कार्डावरून कमी झालं. शेवटचं राहिलं ते हे पत्र. त्यात ती कायमची चूक करणारी म्हणून राहणार होती. जी बाई पोह्यांत शेंगदाणे कमी पडले तरी स्वतःला माफ करत नसे, ती. मला दुःख झालं असं म्हणवत नाही. चपलेत खडा गेल्यासारखं झालं.

शनिवार असल्यामुळे गाळ्यात सेंथिलशिवाय कुणी नव्हतं. सेंथिल कोइमतूरचा. दीड-दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला मराठीतलं 'पाणी' एवढंच येत होतं. मृदुलाने त्याला शिष्य करून घेतला. रोज चहाच्या वेळी एक शब्द. तो तिला मॅडम म्हणायचा आणि ती सांगेल ते प्रमाण मानायचा. ती आजारी पडून घरी बसली तेव्हा तिचा ड्रायव्हर सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं होतं. आम्ही आत शिरलो तसा तो उठून उभा राहिला. सरांनी त्याला थोडक्यात सांगितलं आणि ते पत्राचा मजकूर जुळवायला आपल्या केबिनमध्ये गेले.

मी शंकररावांना टेबलावर घेतलं. शंकरराव म्हणजे खोटे ठोके देणारी एक डबी. पेशंटऐवजी ती मॉनिटरला जोडून तपासणी करायची. नाव मृदुलाने ठेवलेलं. शंकररावांना जोडलं, रेषा सुरू झाली. तार उपटली. रेषा चालूच. पुन्हा जोडलं, तर रेषा क्षणभर गेली आणि नवी सुरू झाली. म्हणजे जुनी खिडकी बंद होत होती, पण नवा पेशंट आल्यावर. मधल्या वेळात खाट रिकामी आणि पडदा भरलेला. कारखान्यात आम्ही एका मशीनवरून तार काढून लगेच दुसऱ्याला जोडतो. मशीन रिकामं ठेवून पडद्याकडे बघत कोण बसतो? म्हणून इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आधी मी माझा स्वतःचा प्रोग्राम तपासला. त्यात खोट निघाली असती तर बरं झालं असतं, पण निघाली नाही. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी करण्यासारखं एकच उरलं, तिच्या ड्रायव्हरची फाईल उघडणं.

मी ती कधी वाचलेली नव्हती. आमच्या घरात कपाटाचे कप्पे वेगळे नव्हते, पण फायली वेगळ्या होत्या. "माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको," असं ती म्हणायची आणि खऱ्या स्वयंपाकघरात मात्र मला कांदा चिरायला बसवायची. फाईल उघडली तर पहिल्याच ओळीत रोमन अक्षरांत मराठी. 'इथे हात लावण्याआधी चहा प्या.' थोडं खाली, 'हे असं का आहे ते मलाही माहीत नाही, पण काढलं की रुसतं.' मी वाचत गेलो. ती बोलायची तशीच लिहीत होती. मला वाटलं होतं, की हे वाचून काहीतरी होईल. काही झालं नाही. मी ओळीमागून ओळ खाली सरकत होतो, वीजबिल वाचावं तसा.

मग 'येते' दिसलं.

ते एका फंक्शनचं, म्हणजे प्रोग्राममधल्या ठरावीक काम करणाऱ्या एका तुकड्याचं, नाव होतं. त्याच्याच खाली दुसरं, 'ये'. 'येते' हाक मारायची, मग 'ये' खिडकी बंद करून पान पुसून टाकायचं. मी थोडा वेळ बघत राहिलो आणि मला तिचं डोकं कळलं. अगदी तिच्यासारखंच होतं ते. पण 'येते'ला हाक मारलेली होती ती पेशंट जोडण्याच्या जागी. तारा निघतात त्या जागी काहीच नव्हतं.

फाईलमधली कुठली ओळ कुणी हलवली, हे मशीन सांगतं. मी विचारलं. त्याने सांगितलं.

"सेंथिल," मी म्हणालो, "हे 'येते' तू वर नेलंस का?"

तो खुर्ची ओढून जवळ आला. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण पकडला गेल्यासारखा नव्हे. दुसऱ्याचं गुपित उघडं पडल्यासारखा.

"सर, मी कोणाला सांगितला नाही," तो म्हणाला. "मॅडमला बरं नव्हतं ना, तेव्हा चुकला असेल त्यांच्याकडून. 'येते' खाली होतं, जाण्याच्या जागी. येते म्हणजे येणं. मॅडमनीच शिकवलं मला, 'बस येते.' मग ते येण्याच्या जागी पाहिजे. मी नीट केलं आणि गप्प बसलो. कोणी म्हणायला नको, मॅडमनी चूक केली."

मला हसू यायला हवं होतं. मी त्याला विचारलं, की इतके दिवस आमच्यात राहतोस, संध्याकाळी घरी निघताना लोक काय म्हणतात, ते ऐकलं नाहीस का?

"ऐकलं ना. येतो म्हणतात." तो भांबावला. "मला वाटायचं, परत येणार म्हणून सांगतात. आणि येतात पण, सर. दुसऱ्या दिवशी."

मी त्याला समजावू लागलो. एरवी मृदुलाचं असलेलं हे काम माझ्याकडे आलं होतं. म्हणालो, की आमच्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. म्हटलं तर घरातली मोठी माणसं रागावतात, परत पायरीवरून बोलावून घेतात. 'जातो' हा शब्द फक्त एकाच वेळचा. म्हणून निघणारा 'येतो' म्हणतो. बाई असली तर 'येते'. आणि मागे राहणाऱ्याने 'ये' म्हणायचं असतं. त्याशिवाय निघणाऱ्याचा पाय उचलत नाही. मॅडमनी तेच लिहिलंय. पेशंट निघताना 'येते' म्हणतो, ड्रायव्हर 'ये' म्हणतो आणि मग खिडकी बंद होते.

सेंथिलने एकेक शब्द मनात मांडून बघितला असावा. त्याला सगळं नीट लागतं. "म्हणजे सर," त्याने विचारलं, "येते म्हणजे नक्की काय?"

"येते म्हणजे जाते," मी म्हणालो.

आणि पुढचं मला बोलता येईना.

ऑपरेशनच्या दिवशी तिला स्ट्रेचरवरून नेत होते. लांबलचक कॉरिडॉर, मी बाजूने चालतोय. दाराशी पोहोचलो तेव्हा तिथल्या नर्सने तिचा चष्मा काढला, मंगळसूत्र काढलं, कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. चष्म्याची काडी कागदाबाहेर येत होती. मी ती आत बसवत होतो. तेवढ्यात मृदुला म्हणाली, "येते रे." मी मान वर केली तर दार लोटलं गेलं होतं. ती शुद्धीवर आली नाही. मला तिला काही सांगायचं राहून गेलं असं मोठं काही नव्हतं, आमचं सगळं बोलून झालेलं होतं. एक एवढंसं अक्षर राहिलं होतं. ते तोंडात धरूनच मी घाटावर उभा होतो, आईने वाढलेलं जेवत होतो, सगळ्यांना बरं म्हणत होतो.

सेंथिल घाबरून पाणी घेऊन आला. मी प्यालो नाही. म्हणालो, "आधी हे खाली नेऊ."

मी ओळ उचलून तिच्या मूळ जागी ठेवली. सेंथिलने दबक्या आवाजात सुचवलं, की नावही बदलून इंग्रजी करू, पुन्हा माझ्यासारखा कुणी आला तर? त्याचं बरोबर होतं. मी नाव बदललं नाही. वर एक ओळ लिहिली, 'येते : हे जाताना म्हणायचं.' मग नवा ड्रायव्हर तयार करून मशीनमध्ये भरला आणि सरांना बोलावलं. सर हातात पत्राचा कागद घेऊनच आले. त्यात सगळं लिहून झालं होतं, नावापुरती जागा कोरी होती.

शंकररावांना जोडलं. हिरवी रेषा सुरू झाली, बहात्तर. बाजूच्या पडद्यावर ड्रायव्हर काय करतोय त्याच्या ओळी उमटत होत्या. मी तार हातात धरली. ती उपटायला मला इतका वेळ का लागतोय, हे सरांना कळत नसावं.

मी तार ओढली.

बाजूच्या पडद्यावर दोन ओळी आल्या. 'येते.' आणि लगेच खाली, 'ये.' हिरवी रेषा गेली. आकडा गेला. पडदा काळा झाला आणि लाल अक्षरांत आलं, की पेशंट जोडलेला नाही.

मला रडू फुटलं. अगदी वाईट, आवाज करून, नाक गळत. मला लाज वाटली नाही. दुखत होतं, आणि दुखतंय हे कळत होतं. सेंथिल तोंड फिरवून उभा राहिला. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

थोडं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग चूक कुणाची निघाली?"

सेंथिलने तोंड उघडलं. त्याच्या आधी मी सांगितलं. तिने काय लिहिलं होतं, याने ते काय समजून वर नेलं आणि का गप्प बसला. सर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तिची नाही तर," ते म्हणाले.

"नाही."

"आणि हा तिचं नाव राखायला गेला."

"हो."

सरांनी कागदाकडे पाहिलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. म्हणाले, की आता मशीन गाडीत घाला, मी जातो मिरजेला आणि डॉक्टरसमोर तार उपटून दाखवतो. चूक कंपनीची, मालक मी, खाली सही माझी. त्यांना पाहिजे तर मला बोलू देत. तिथल्या तिथे मगदूमांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, हे आम्हाला सोमवारी कळलं. मशीनं मात्र राहिली.

सर गेल्यावर सेंथिलने शंकररावांना डब्यात ठेवलं, दिवे मालवले, आपला डबा पिशवीत घातला. ऊन कलून दारातून आत आलं होतं. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला. एक पाय आत, एक बाहेर. त्याला काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. रोजचा शब्द आता त्याला कळला होता, आणि कळल्यामुळे तो उच्चारायची त्याला भीती वाटत होती.

"सर, मी..." तो म्हणाला. "मी जातो?"

"येतो म्हण," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "येतो, सर."

"ये."

तो जिना उतरला. त्याची मोटारसायकल सुरू झाली, गेटमधून बाहेर पडली, माधवनगरच्या रस्त्याला लागली, मग ऐकू येईनाशी झाली. दार उघडंच होतं. मी त्या दाराकडे बघत आणखी एकदा म्हणालो, "ये."